पाचोळा, ओल आणि माती : प्रस्तावना

झाडाखाली पडलेली वाळकी पाने गोळा करून ती वाफ्यांवर, झाडांच्या आळ्यांत किंवा कुंड्यांतील मातीवर पसरणे ही बागकामातील सर्वांत कमी खर्चाची कृती आहे, आणि बहुधा म्हणूनच तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. मातीचा उघडा पृष्ठभाग एखाद्या पदार्थाने झाकून ठेवण्याला कृषिशास्त्रात आच्छादन म्हणतात. हा पदार्थ गवत, भुसा, दगडगोटे, प्लास्टिकचा कागद किंवा जमिनीलगत वाढणारे जिवंत पीकही असू शकतो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय त्यांपैकी एकच, म्हणजे झाडांनी आपणहून टाकलेल्या पानांचे आच्छादन, हा आहे. या पानांना देशावर पाचोळा आणि कोकणात पातेरा म्हणतात, तर ऊस तुटून गेल्यावर शेतात उरणाऱ्या वाळक्या पानांना पाचट म्हणतात. पान फांदीवरून सुटल्यापासून ते मातीत पूर्ण मिसळून जाईपर्यंत त्याच्यात काय काय बदल होतात, ते बदल कोण घडवून आणते, आणि बागेतील माती, पाणी व झाडे यांना त्या बदलांचा लाभ मिळावा यासाठी माणसाने काय करावे व काय करू नये, हे समजून घेण्याचा प्रयत्न या पुस्तकात आहे.

या प्रयत्नामागील मुख्य विचार सुरुवातीलाच मांडणे आवश्यक आहे. पाचोळ्याच्या आच्छादनावरील बहुतेक उपलब्ध लेखन इंग्लंड, युरोप आणि उत्तर अमेरिका येथील बागांना समोर ठेवून झालेले आहे. तेथे पानगळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, तिच्यामागून हिवाळा येतो, जमीन त्या काळात गार आणि ओलसर असते, आणि म्हणून तेथील आच्छादनाचे पहिले काम गोठणाऱ्या थंडीपासून मुळांचे रक्षण करणे हे ठरते. महाराष्ट्रातील पानगळ शिशिरात सुरू होते. सागाची पाने जानेवारीपासून गळू लागतात, पळस, पांगारा व काटेसावर ही झाडे पाने टाकून ऐन फुलोऱ्यात निष्पर्ण उभी असतात, कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये रिकामा होतो, आणि पिंपळ व करंज जुनी पाने झाडून लगेच नव्या पालवीने भरतात. या पानगळीमागून थंडी येत नाही. येतात ते उन्हाळ्याचे तीन-चार कोरडे महिने, आणि त्यानंतर जूनमध्ये एकाएकी सुरू होणारा जोरदार पाऊस. त्यामुळे येथील पान एकाच वर्षात तीन निरनिराळी कामे करते: उन्हाळ्यात ते मातीला सावली देते, वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या सरींत पावसाच्या माऱ्यापासून मातीचे रक्षण करते, आणि पावसाळ्यात स्वतः कुजून मातीचे अन्न होते. पाचोळ्याच्या वापराचे वेळापत्रक या क्रमावरून ठरले पाहिजे, परक्या हवामानातील महिन्यांवरून नव्हे, ही या पुस्तकाची मूळ भूमिका आहे.

पान गळणे हे झाडाचे दुखणे नसून झाडाने शिस्तीने पार पाडलेली क्रिया असते. थंड प्रदेशात लहान होत जाणारा दिवस आणि उतरणारे तापमान यांमुळे, तर उष्ण कटिबंधातील पानझडी वनांत मुख्यतः जमिनीतील ओल कमी झाल्यामुळे ही क्रिया सुरू होते. पान जुने होऊ लागले की त्यात तयार होणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते, एथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा प्रभाव वाढतो, आणि देठाच्या तळाशी नाजूक पेशींचा एक आडवा थर तयार होतो, जो पुढे विरघळल्याने पान सुटते व मागे राहिलेली जखम बुचासारख्या थराने बंद होते. सुटण्यापूर्वी झाड पानातील नत्र आणि स्फुरद यांपैकी साधारण निम्मा भाग परत फांदीत व खोडात ओढून घेते. कॅल्शियम मात्र पेशींच्या भित्तिकांत बांधलेले असल्याने ते पानातच राहते, आणि पालाश पाण्यात सहज विरघळणारे असल्याने ते पहिल्या पावसातच मातीत उतरते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वाळके पान हे नत्राचे समृद्ध खत नाही, कारण शंभर किलो वाळक्या पानांतून मिळणारे नत्र बहुधा एक किलोच्या आसपासच असते. दुसरी, त्याचे खरे मोल कर्बात, म्हणजे ज्यावर मातीतील सूक्ष्म जीव जगतात आणि ज्यातून पुढे ह्यूमस तयार होतो त्या सेंद्रिय द्रव्यात, आणि त्याबरोबर येणाऱ्या कॅल्शियम, पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्यांत आहे.

उन्हाळ्यातील पाचोळ्याचे काम पूर्णपणे भौतिक स्वरूपाचे असते. उघडी काळी माती मे महिन्याच्या दुपारी इतकी तापते की तिचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकतो; अशा तापमानात वरच्या थरातील बारीक मुळ्या करपतात, जिवाणू निष्क्रिय होतात आणि ओल झपाट्याने उडून जाते. पाने एकमेकांवर सैलसर पडलेली असतात, त्यांच्यामधील स्थिर हवा उष्णतेला सहज वाट देत नाही, आणि ऊन व वारा हे दोन्ही मातीपर्यंत थेट पोहोचत नसल्याने बाष्पीभवन मंदावते. दख्खनच्या काळ्या मातीत याचा आणखी एक लाभ होतो. ही माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, मुळ्या तुटतात आणि भेगांच्या भिंतींतूनही ओल निघून जाते. झाकलेल्या जमिनीत हे आकसणे कमी वेगाने व कमी प्रमाणात होते. शेतकऱ्यांच्या बोलण्यात वाफसा नावाची जी स्थिती वारंवार येते, म्हणजे मातीच्या पोकळ्यांत ओलावा आणि हवा ही दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती, ती टिकवून ठेवणे हे आच्छादनाचे उद्दिष्ट म्हणून सर्वांत नेमके आहे.

पहिल्या पावसात हे काम बदलते. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो, उघड्या मातीचे कण त्याने फुटतात, सुटलेली बारीक गाळमाती पोकळ्यांत जाऊन बसते आणि पृष्ठभागावर पोपडा धरतो. मग पुढचे पाणी आत न मुरता वरच्या वर वाहू लागते व सर्वांत सकस माती बरोबर घेऊन जाते. उन्हाळाभर नांगरलेली, मोकळी आणि वाळलेली जमीन या घडीला सर्वाधिक असुरक्षित असते. पाचोळ्याचा थर थेंबाचा आघात स्वतःवर घेतो, पाण्याचा वेग कमी करतो आणि त्याला खाली झिरपण्यास अवधी देतो. कोकणात, जेथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि जांभ्या खडकाची आम्लधर्मी माती अन्नद्रव्ये फार काळ धरून ठेवत नाही, तेथे उतारावरील बागांना या संरक्षणाची गरज सर्वांत जास्त आहे.

तिसरे काम, म्हणजे कुजणे, हे जीवशास्त्राचे क्षेत्र आहे आणि या पुस्तकाचा सर्वांत विस्तृत भाग त्याला दिलेला आहे. पान ओले होताच त्यातील साखरेसारखे सहज विरघळणारे पदार्थ जिवाणू आधी संपवतात. त्यानंतर सेल्युलोज या पेशीभित्तिकेतील तंतुमय द्रव्याची पाळी येते. आणि लिग्निन, म्हणजे पानाच्या शिरांना ताठरपणा देणारे चिवट द्रव्य, हे मुख्यतः बुरशीच फोडू शकते. पाचोळ्याचा ओला थर उचलला असता खाली दिसणारे पांढरे, धाग्यांसारखे जाळे रोगाचे लक्षण नसते, तर हे काम व्यवस्थित चालू असल्याची ती खूण असते. बुरशीच्या जोडीला वाणी, स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म उड्या मारणारे कीटकसदृश जीव, माइट, वाळवी आणि गांडुळे पानांचे तुकडे करतात, आणि जितके तुकडे लहान तितकी जिवाणूंना काम करण्याची जागा अधिक. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात गांडुळे पाने आपल्या बिळांत कशी ओढून नेतात याचे बारकाईने निरीक्षण नोंदवले आणि बहुतेक पाने टोकाकडून, म्हणजे ओढण्यास सोप्या बाजूने, आत नेली जातात हे दाखवून दिले. नांगराच्या आधीपासून जमीन फिरवण्याचे काम हे जीव करत आले आहेत हा त्यांचा निष्कर्ष आच्छादनाच्या शास्त्राचा एक आधार ठरला.

कुजण्याचा वेग ठरवणारी एक महत्त्वाची संकल्पना म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे पदार्थातील कर्ब हा नत्राच्या किती पट आहे ते प्रमाण. सूक्ष्म जीवांना कर्बाचे सुमारे २५ ते ३० भाग आणि नत्राचा १ भाग असे अन्न मानवते. वाळक्या पानांत हे प्रमाण साधारण ४० पासून ८० पर्यंत किंवा त्याहूनही वर असते. म्हणून जीवांना पाने पचवण्यासाठी नत्र कमी पडते आणि ते आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतले जाते. या एका वस्तुस्थितीवरून पाचोळा झाडांचे नत्र खातो असा समज पसरलेला आहे, परंतु तो अर्धा खरा आहे. पाने मातीत गाडली तर मुळांच्या पट्ट्यातील नत्र काही काळ खरोखरच अडकून पडते व रोपे पिवळी दिसू लागतात. पाने वरच पसरली तर ही देवघेव माती व पाने यांच्या सीमेवरील पातळ थरापुरती मर्यादित राहते आणि खोल मुळांना तिचा उपद्रव होत नाही. म्हणूनच वाळका पाचोळा जमिनीत मिसळू नये, जमिनीवर ठेवावा, हा आच्छादनाचा पहिला नियम आहे. कुजण्याला गती द्यायची असल्यास गिरिपुष्प, शेवगा किंवा सुबाभूळ यांचा ओला पाला, स्वयंपाकघरातील भाजीचे देठ-साली किंवा शेणकाला पाचोळ्याखाली टाकला की नत्राची तूट भरून निघते.

या विषयाला महाराष्ट्रात आणि त्याच्या शेजारी मोठी वैचारिक पार्श्वभूमी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात डोंगरावरील गवताचा आणि झाडांच्या पानाफुलांचा कुजलेला सारांश पावसाच्या पाण्याबरोबर वाहून वाया जातो याकडे लक्ष वेधले होते, आणि तो शेतांत मुरावा यासाठी ठिकठिकाणी बांध घालावेत अशी मागणी केली होती. जमिनीची सुपीकता डोंगरावरच्या पानाशी जोडलेली आहे आणि पानाचे मातीत रूपांतर होण्याची वाट तुटली की शेतकरी दरिद्री होतो, हा त्यांचा विचार मृदाशास्त्र आणि अर्थकारण यांना एकत्र आणणारा होता. पुढे इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून १९३१ पर्यंत केलेल्या कामातून कंपोस्टची इंदूर पद्धत सिद्ध झाली, आणि त्या कामातील त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पाला, काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर रचून आणि ते ठरावीक काळाने उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ती पद्धत आच्छादनाहून वेगळी आहे. कंपोस्टमध्ये कुजण्याची क्रिया ढिगात होते आणि तयार माल जमिनीवर जातो, तर आच्छादनात ती जमिनीवरच, हळूहळू आणि जमिनीतील जीवांच्या हातून होते. दोन्हींचा पाया मात्र एकच आहे: जमिनीतून जे आले ते जमिनीला परत गेले पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळात कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून हा विचार शेतकऱ्यांच्या आणि शहरी बागप्रेमींच्या हाती दिला. तज्ज्ञाने सांगावे व इतरांनी करावे ही उतरंड मोडून प्रत्येकाने आपल्या जमिनीवर प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात आणि त्या इतरांना सांगाव्यात, ही त्यांची पद्धत होती. त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या गच्चीवरील बागांनी जड मातीऐवजी उसाचे चिपाड आणि पालापाचोळा यांवर भाज्या व फळे वाढवून दाखवली. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी आपल्या शेतीपद्धतीत आच्छादनाला मूलभूत स्थान देऊन त्याचे मृदाच्छादन, काष्ठाच्छादन आणि सजीव आच्छादन असे तीन प्रकार मांडले, आणि वाफसा ही कल्पना पुन्हा चर्चेच्या केंद्रस्थानी आणली. उसाच्या पट्ट्यात पाचट न जाळता सरीत पसरण्याचा जो प्रसार झाला, तोही याच प्रवाहाचा भाग आहे.

या प्रवाहाच्या उलट दिशेने जाणारी एक जुनी रीतही येथे नोंदवली पाहिजे, कारण तिच्याकडे अज्ञान म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात भात व नाचणीच्या रोपवाटिकेसाठी राब भाजला जातो, म्हणजे झाडांची कवळ (तोडलेल्या पानांसह फांद्या), पातेरा, गवत आणि शेण यांचे थर जमिनीवर रचून पावसाआधी पेटवले जातात. त्यामुळे तणांचे बी मरते, वरची माती भुसभुशीत होते आणि राखेतून पालाश, कॅल्शियम व स्फुरद रोपांना लगेच मिळतात. अतिवृष्टीच्या प्रदेशात थोड्या जागेत जोमदार रोपे तयार करण्याची ती विचारपूर्वक घडलेली युक्ती होती. तिच्यासाठी फांद्या तोडण्याच्या हक्कावरून ब्रिटिश अमदानीत ठाणे जिल्ह्यातील शेतकरी आणि वनखाते यांच्यात दीर्घ वाद झाला. तथापि जाळण्याने पानातील कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत निघून जाते, आणि जो पदार्थ वर्षभर मातीला पोसू शकला असता त्याचा लाभ एका हंगामापुरता उरतो. रोपवाटिकेच्या लहान तुकड्यापुरता राब आणि अंगण, परसू, रस्ते व सोसायट्या यांमधील सरसकट जाळणे यांत फरक केला पाहिजे. दुसऱ्या प्रकाराला कोणतेही शेतीशास्त्रीय समर्थन नाही.

शहरांतील जाळण्यामागे एक साधे कारण दिसते, आणि ते या पुस्तकाच्या मूळ भूमिकेशी जोडलेले आहे. पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतात आणि ओल नसल्याने जूनपर्यंत कुजत नाहीत. हे तीन-चार महिने ती निरुपयोगी, विस्कळीत आणि पेट घेणारी अशी दिसतात, म्हणून झाडून, ढीग करून त्यांना काडी लावली जाते. ज्या काळात माती सर्वाधिक तापलेली असते आणि तिला आच्छादनाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच काळात आच्छादनाचा पदार्थ नष्ट केला जातो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, बागेतील कचरा आपल्या आवारात वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या निर्देशांनुसार मार्गी लावण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये दंडाचा आदेश दिला. परंतु दंडाने जाळणे थांबले तरी पानांचे काय करावे हा प्रश्न उरतोच. पुण्यातील 'ब्राउन लीफ' या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत त्यांना, ज्यांना पाने हवी आहेत अशा बागकर्त्यांशी जोडून दिले आणि हा प्रश्न विल्हेवाटीचा नसून वाटपाचा आहे हे दाखवून दिले.

वाटपाचा विचार करताना एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे, आणि ती म्हणजे बागेसाठी जंगलातील पाचोळा आणू नये. मध्य युरोपात शेतकरी शतकानुशतके जनावरांच्या गोठ्यात अंथरण्यासाठी जंगलातील पाने ओरबाडून नेत असत. त्याने वनांची माती कशी निकृष्ट होत गेली याचा पद्धतशीर अभ्यास बव्हेरियातील अर्न्स्ट एबरमायर यांनी करून १८७६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पानगळीतून मातीला परत मिळणाऱ्या अन्नद्रव्यांचे मोजमाप तेथून सुरू झाले. भारतातही याचे उदाहरण आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, जो १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, सुपारीच्या बागांना पानखत मिळावे म्हणून बागेच्या एका एकरामागे ९ एकरांपर्यंत जंगलाचा वापर करण्याची सवलत दिली गेली. एका एकराची सुपीकता टिकवण्यासाठी नऊ एकरांचा पाला लागतो हे प्रमाण स्वतःच पुरेसे बोलके आहे. गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील कुळागरे जेथे सुपारी, नारळ, फणस, आंबा, मिरी व केळी एकत्र वाढवतात, तेथे बागेचा बराचसा पाला बागेतच मुरतो, आणि तोच नमुना अधिक अनुकरणीय आहे. जंगलातील पान जंगलाचे आहे. बागेने आपल्या झाडांचे, रस्त्याकडेच्या वृक्षांचे आणि जाळले जाणार असलेले पान वापरावे.

सर्व पाने सारखी नसतात. शिरीष, गुलमोहर व वर्षावृक्ष यांच्या बारीक पर्णिका चाळून घातल्यासारख्या समान पसरतात, लवकर कुजतात आणि कुंड्यांसाठी उत्तम ठरतात. आंबा, फणस व काजू यांची चिवट पाने सावकाश कुजतात, म्हणून फळझाडांच्या आळ्यांत दीर्घकाळ टिकणाऱ्या थरासाठी ती योग्य आहेत. साग, वड व देशी बदाम यांची रुंद पाने अखंड घातली तर ओली झाल्यावर एकमेकांना चिकटून पत्र्यासारखा थर करतात, ज्याखाली ना हवा जाते ना पाऊस, म्हणून ती पायाखाली तुडवून, कोयत्याने किंवा यंत्राने बारीक करून घ्यावीत. बांबूच्या पानांत सिलिकाचे प्रमाण जास्त असल्याने ती टिकाऊ असतात. निलगिरीच्या पानांतील द्रव्ये काही रोपांच्या उगवणीला अडथळा करतात, म्हणून ती कोवळ्या भाजीपाल्यापासून दूर ठेवून आधी ढिगात कुजवावीत. गुलाबावरील काळे ठिपके, आंब्यावरील करपा किंवा द्राक्षावरील केवडा अशा रोगांनी गळलेली पाने त्याच झाडाखाली पसरू नयेत, कारण रोगाची बीजे पुढच्या पावसात तेथूनच वर चढतात. रस्त्यावरून आणलेल्या पानांतील प्लास्टिक, काच व थर्माकोल निवडून काढणे हे कंटाळवाणे असले तरी अनिवार्य काम आहे.

प्रत्यक्ष वापराचे नियम थोडे आहेत, परंतु प्रत्येकामागे कारण आहे. जमिनीला आधी भरपूर पाणी द्यावे आणि मग पाने पसरावीत, कारण कोरड्या मातीवर घातलेला जाड थर हलक्या शिंपणीचे पाणी स्वतःच पिऊन टाकतो. थराची जाडी वाफ्यांत ५ ते १० सेंटीमीटर आणि कुंड्यांत २ ते ३ सेंटीमीटर असावी. पाने दबून थर उतरला की वरून नवी पाने घालावीत. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, अन्यथा साल सतत ओली राहून कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो. मेथी-कोथिंबिरीसारखे बारीक बी पेरलेल्या ओळी उघड्या ठेवून रोपे वितभर झाल्यावर त्यांच्यामध्ये पाने घालावीत. प्रकाश अडल्यामुळे बहुतेक तणे उगवत नाहीत व खुरपणीचे श्रम वाचतात, परंतु हरळी आणि लव्हाळा ही जमिनीतील गाठी व खोडांतून फुटणारी तणे आच्छादन भेदून वर येतात, म्हणून ती आधी खणून काढावी लागतात. पावसाच्या जोरात थर अर्धा करावा, नाहीतर गोगलगायींचा उपद्रव वाढतो. घोणस आणि फुरसे हे साप वाळक्या पानांत सहज मिसळून जातात, म्हणून पाचोळ्याच्या ढिगात कधीही हात घालू नये, तो दाताळ्याने किंवा काठीने आधी हलवावा. आणि उन्हाळ्यात ढीग घराच्या भिंतीपासून व विजेच्या खांबांपासून दूर ठेवून अधूनमधून ओला करावा.

पानगळ काही आठवड्यांची असते आणि गरज वर्षभराची, त्यामुळे साठवण हा या विषयाचा अविभाज्य भाग आहे. तारेच्या जाळीचा साधारण मीटरभर रुंद व तितकाच उंच पिंजरा करून त्यात पाने दाबून भरली आणि ओलसर ठेवली, तर बुरशीच्या मंद कामातून त्यांची गडद, भुसभुशीत माती तयार होते, जिला इंग्रज माळी लीफ मोल्ड म्हणतात. थंड हवेत या क्रियेला एक ते दोन वर्षे लागतात. महाराष्ट्राच्या उष्णतेत, ओल टिकवली तर, ती त्याहून बऱ्याच कमी काळात पूर्ण होते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ओक, मॅपल व बीच यांच्या पानांबाबत हेच तत्त्व लागू पडते, फक्त तेथे एक भान जास्त ठेवावे लागते: अनेक फुलपाखरे, पतंग आणि भुंगमाश्यांच्या राण्या पाचोळ्यात किंवा त्याखाली हिवाळा काढतात, म्हणून शरदात पसरलेला थर वसंत नीट स्थिरावेपर्यंत हलवू नये. येथील बागेतही पाचोळ्याच्या आश्रयाने बेडूक, सापसुरळ्या आणि भुंगेरे उन्हाळा तगवतात, आणि सातभाई व कस्तूर हे पक्षी पाने उलटून कीटक टिपतात. कीड आटोक्यात ठेवणारी ही यंत्रणा विकत मिळत नाही.

अलीकडे भाजीपाल्याच्या शेतीत मल्चिंग पेपर म्हणून परिचित असलेल्या प्लास्टिक आच्छादनाचा प्रसार झाला आहे. पाणी वाचवणे व तण रोखणे ही दोन कामे ते चोख करते आणि व्यापारी शेतीतील त्याची उपयुक्तता नाकारता येत नाही. तथापि ते मातीला काही देत नाही, हंगामानंतर गोळा करावे लागते आणि त्याचे तुकडे मातीत राहिले तर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरच्या बागेला, शाळेच्या परसाला आणि सोसायटीच्या आवाराला त्याची गरज नाही, कारण तेथे पाने हाताशी आहेत आणि क्षेत्र मर्यादित आहे.

प्रस्तुत पुस्तकातील माहिती हा अंतिम आराखडा नव्हे. सासवडच्या हलक्या जमिनीत, रत्नागिरीच्या कातळावर, नागपूरच्या काळ्या मातीत आणि मुंबईतील गच्चीवर एकच पान निरनिराळ्या वेगाने कुजते, आणि हा फरक कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या त्या जागेचा अभ्यासकच अधिक नेमकेपणाने नोंदवू शकतो. म्हणून वाचकाने आपल्या आवारातील प्रत्येक झाड केव्हा पाने टाकते, ती किती निघतात, कोणत्या वाफ्यात जातात, थर केव्हा उतरतो आणि पाणी किती दिवसांनी द्यावे लागते, यांची एक वही ठेवावी. अशा वह्या शेजाऱ्यांनी एकमेकांना दाखवल्या, गृहनिर्माण संस्थांनी बाग आखतानाच पाने साठवण्याची जागा ठेवली, आणि नगरपालिकांनी रस्त्यांवरील पाने कचरागाड्यांत न भरता उद्यानांकडे व शेतकऱ्यांकडे वळवली, तर महाराष्ट्राच्या पानगळीचे स्वतःचे शास्त्र उभे राहील. त्यासाठी लागणारा पदार्थ दरवर्षी न मागता मिळतो. तो जाळायचा की जमिनीला परत द्यायचा, हा निर्णय मात्र माणसाला दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो, आणि तो निर्णय जाणतेपणाने घेता यावा एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.